जवान सीमेवर, कागद गावात

सातारा जिल्ह्यातले अपशिंगे मिलिटरी घ्या, नाहीतर शिरोळ तालुक्यातले सैनिक टाकळी घ्या. या गावांच्या नावातच फौज आहे. ज्यांच्या नावात फौज नाही, पण ज्यांच्या घरात खुंटीवर वर्दी टांगलेली दिसते, अशी गावे तर आपल्या भागात कितीतरी आहेत. या घरातला कर्ता मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असताना भरती होतो आणि पुढची पंधरा-वीस वर्षे आज पठाणकोट, उद्या जोधपूर, परवा तेजपूर असा फिरत राहतो. लग्न झाले की कधी बायको-पोरे त्याच्याबरोबर क्वार्टरमध्ये जातात, कधी गावी आई-वडिलांजवळ राहतात. जमीन मात्र गावातच असते आणि सातबाऱ्यावर नावही त्याचेच असते.

वाचकहो, आता एक साधा प्रश्न विचारतो. या जवानाचा पत्ता कोणता? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला, गावचाच की! पण आयकर खाते, तहसील, बँक, निवडणूक कार्यालय, प्रवेश परीक्षेचा कक्ष आणि आमचे कृषी खाते या प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे. त्या वेगवेगळ्या उत्तरांच्या सांदीत जवानाच्या घरचे पैसे अडकतात, मुलाची जागा जाते आणि कधी कधी जमिनीच्या नोंदीही परस्पर बदलतात. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ.

तीन पत्ते, एक माणूस

जवानाला बहुधा तीन पत्ते असतात. पहिला गावचा, जो भरतीच्या वेळी सेवापुस्तकात लिहिला जातो. दुसरा बायको-मुले राहतात त्या छावणीतल्या क्वार्टरचा. तिसरा युनिटचा, म्हणजे आपण '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' लिहितो तो. देशात पिनकोड १९७२ साली आला. त्यात ९ हा पहिला आकडा फौजेच्या टपालासाठी राखून ठेवलेला आहे. युनिट कुठे आहे ते पत्त्यावरून कळू नये आणि युनिट हलले तरी पत्र मागोमाग जावे, अशी ही व्यवस्था आहे. ५६ एपीओची टपाल दिल्लीहून आणि ९९ एपीओची कोलकात्याहून पुढे वाटली जाते.

टपालासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. पण हा पत्ता म्हणजे राहण्याचा पुरावा नव्हे. खासगी कुरिअर तिथे पोहोचत नाही आणि पोर्टलवर गाव-तालुका-जिल्हा निवडायचा असतो तिथे एपीओला जागाच नसते. मग जवान काय करतो? सगळीकडे गावचा पत्ता टाकतो आणि निर्धास्त होतो. अडचण इथूनच सुरू होते, कारण पत्त्यावर कागद येतो तेव्हा तो घ्यायला जवान गावात नसतो.

आयकराला राज्य लागत नाही

आधी कराचे पाहू, कारण याबद्दल पारावर फार गैरसमज आहेत. 'पोस्टिंग राजस्थानला असली तर कर तिथे भरायचा का?' असे विचारणारे भेटतात. उत्तर सरळ आहे. आयकर केंद्राचा आहे. तुम्ही लडाखला राहा की लातूरला, कर तोच आणि विवरणपत्रही तेच. वर्षात १८२ दिवस भारतात राहिला की माणूस करासाठी रहिवासी ठरतो, मग ते दिवस कुठल्या राज्यात काढले ते कोणी विचारत नाही.

याबाबतीत आपले जवान अमेरिकन जवानांपेक्षा सुखी आहेत. तिकडे बहुतेक राज्यांचा स्वतःचा आयकर असतो. बदली झाली की जवान कोणत्या राज्याचा, हा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी तिथल्या संसदेने १९४० साली कायदा केला, २००३ मध्ये तो नव्याने लिहिला आणि २००९ मध्ये जवानाच्या बायकोलाही तशी सवलत दिली. तत्त्व असे, की हुकमाने बदली झाली म्हणून माणसाचे मूळ राज्य सुटत नाही. हे तत्त्व ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

परदेशी गेलेल्या जवानाचे काय? संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपले जवान जातात. तिथे सहा महिन्यांच्या वर राहिले, तरी भारत सरकार देते तो पगार भारतातच मिळाला असे कायदा धरतो. त्यामुळे 'वर्षभर बाहेर होतो, आता कर नाही' हे चालत नाही. परदेशातील सेवेसाठी सरकारने तिथे दिलेले भत्ते मात्र करमुक्त असतात.

गावचे घर कुलूपबंद असेल तर? नोकरीमुळे स्वतःच्या घरात राहता येत नसेल, तर ते घर स्वतः राहत असल्यासारखेच धरावे, अशी तरतूद आयकर कायद्यात पूर्वीपासून होती. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर तर कारणही विचारले जात नाही. दोन घरांपर्यंत उत्पन्न शून्य धरता येते. घर भाड्याने दिले असेल तर अर्थात भाडे दाखवावे लागते.

उसाचे बिल आणि विवरणपत्र

आता माझ्या कामाच्या जवळचा भाग. जमीन जवानाच्या नावावर, कसतो भाऊ, पण कारखान्याचे उसाचे बिल सातबाऱ्याप्रमाणे जवानाच्या खात्यावर येते. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, हे खरे. पण ते दाखवायचेच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. शेतीचे उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांच्या वर असेल आणि पगारही करपात्र मर्यादेच्या वर असेल, तर पगारावरचा कराचा दर ठरवताना ते उत्पन्न हिशेबात धरतात. शिवाय अशा माणसाला 'सहज' हा सोपा नमुना चालत नाही, मोठा नमुना भरावा लागतो. गावोगावचे फॉर्म भरणारे एजंट हे सांगत नाहीत. ते पगाराचा फॉर्म १६ बघतात, 'सहज' भरतात आणि शंभर-दोनशे रुपये घेऊन मोकळे होतात.

दुसरी भीती त्याहून मोठी. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देणाऱ्यांवर देशभर छापे घातले. त्यात एक गोष्ट उघड झाली. काही एजंट अनेकांची विवरणपत्रे भरण्यासाठी तात्पुरते ई-मेल काढत होते आणि नंतर ते सोडून देत होते. खात्याच्या नोटिसा त्या बेवारस ई-मेलवर पडून राहत होत्या.

म्हणजे बघा, पत्त्याचा प्रश्न आता घराच्या दारावर राहिलेला नाही. आयकर खात्याच्या लेखी तुमचा पत्ता म्हणजे पोर्टलवर नोंदलेला मोबाइल आणि ई-मेल. तो एजंटचा असेल, तर तुमची नोटीस एजंटला जाते. जवान चौकीवर, एजंट बेपत्ता आणि वसुलीचा धनी मात्र जवान! म्हणून रजेवर आलात की आधी पोर्टल उघडून मोबाइल आणि ई-मेल स्वतःचा आहे का ते पाहा.

राज्याचे आणि गावाचे कर

काही कर मात्र जागेला चिकटलेले असतात. व्यवसाय कर हा राज्याचा. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याखाली तो घेतात आणि वर्षाला २,५०० रुपयांच्या वर तो नेता येत नाही. लष्कर, नौदल व हवाई दलातील माणसांना आपल्या राज्यात तो माफ आहे. पण जवानाची बायको शिक्षिका किंवा परिचारिका असेल, तर ती माफी तिला नाही. तिचा हिशेब ती नोकरी करते त्या राज्याच्या नियमाने होतो. महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला २०२३ पासून हा कर नाही. नवऱ्याबरोबर राजस्थान, हरियाणा किंवा उत्तर प्रदेशात जाऊन नोकरी केली, तर तिथे असा करच नाही.

घरपट्टी घरावर असते. तुम्ही राहा वा राहू नका, ती द्यावीच लागते. २०२० साली राज्य सरकारने माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घरापुरता मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय घेतला. सेवेत असलेल्याने 'मी फौजी आहे' म्हणून थकबाकी ठेवू नये. निवृत्त झाल्यावर मात्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घेऊन ग्रामपंचायतीत अर्ज जरूर करावा.

सन्मान निधीची गोम

आता ज्या विषयावर आमच्याकडे सर्वांत जास्त वाद होतात, तो विषय. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये २०१९ पासून मिळतात आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेतून २०२३ पासून तेवढेच आणखी. ही मदत कुटुंबाला आहे, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. त्यातला एकजण सरकारी नोकरीत असला किंवा आयकर भरत असला, की सगळे कुटुंब बाद. यातून फक्त चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी वगळले आहेत. पेन्शन महिना १०,००० किंवा त्याहून जास्त असेल तरी बाद.

'साहेब, जमीन बायकोच्या नावावर केली, मग तिला का नाही?' असे मला विचारतात. उत्तर वर आलेच. तिचा नवरा सेवेत आहे ना? मग ती त्याच कुटुंबात धरली जाते. ती गावात राहते आणि तो आसामात, याने फरक पडत नाही. सज्ञान भाऊ आणि आई-वडील मात्र वेगळे कुटुंब आहेत. त्यांची जमीन त्यांच्या नावावर असेल, तर जवानामुळे त्यांचा हक्क जात नाही. ही गोष्ट गावात नीट कुणी सांगत नाही, आणि पात्र म्हातारा उगाच घाबरून अर्जच करत नाही.

आणखी एक नवी गोम आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या कर पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सवलत मिळून कर शून्य होतो. बहुतेक जवानांचा कर त्यामुळे शून्यावर आला. 'आता आयकर नाही, म्हणजे पीएम किसानला पात्र झालो' असा काहींचा समज झाला आहे. तो चुकीचा आहे. आयकराची अट सुटली तरी सरकारी नोकरीची अट राहतेच. अपात्र कुटुंबाने घेतलेले हप्ते सरकार परत मागते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. लाडकी बहीण योजनेतही घरात कायम सरकारी नोकर किंवा पेन्शनर असेल तर नाव बसत नाही.

मात्र जवानाच्या जमिनीवरचे इतर लाभ बंद नाहीत. पीक विमा, ठिबक, अवजारे यांसाठी अर्ज करता येतो. अडते ते दुसरीकडेच. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि तो काढताना आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. 'भाऊ जम्मूला हाय, ओटीपी त्याच्याकडं जातुया, आन् फोन लागत न्हाई,' हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. म्हणून हा क्रमांक रजेवर असतानाच काढून घ्या. ई-पीक पाहणीला मात्र जवान लागत नाही. एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद होते, तेव्हा वहिनीने किंवा भावाने बांधावर जाऊन फोटो काढला तरी काम होते. ते राहिले तर विम्याच्या आणि नुकसानभरपाईच्या वेळी डोक्याला हात लावायची पाळी येते.

फेरफाराचे पंधरा दिवस

पैशांचे नुकसान भरून निघते, जमिनीचे निघत नाही. वारस नोंद, वाटणी, खरेदी, बोजा यांपैकी काहीही सातबाऱ्यावर चढवायचे असेल, तर तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते फेरफाराची नोंद धरतात. चावडीवर नोटीस लावतात आणि हितसंबंधितांना नोटीस पाठवतात. हरकत घ्यायला १५ दिवस असतात. हरकत आली नाही, की मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात.

ही नोटीस जाते कुठे? गावच्या पत्त्यावर. घेतो कोण? ज्याच्याशी वाटणीचा वाद आहे, बहुधा तोच. जवानाला कळते ते पुढच्या रजेत, म्हणजे सहा-आठ महिन्यांनी. मग प्रांताकडे अपील, अपिलाची ६० दिवसांची मुदत का टळली त्याचा खुलासा आणि प्रत्येक तारखेला रजा! सख्ख्या भावाभावांतले असे वाद आपल्या भागात कमी नाहीत, आणि त्यात नेहमी भाऊच लबाड असतो असेही नाही. पुष्कळदा नोटीस कुणीतरी घेतलेली असते आणि कळवायचे राहून गेलेले असते.

कायद्याने जवानाला इथे उघड्यावर सोडलेले नाही. १९२५ चा भारतीय सैनिक दावेविषयक कायदा आजही आहे. विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्या जवानाविरुद्धचा दिवाणी किंवा महसुली दावा युनिटच्या प्रमाणपत्रावर थांबवता येतो. कुळकायद्यातही सैनिक जमीनमालकांसाठी वेगळे प्रकरण आहे. फौजेत गेला म्हणून जमीन कुळाकडे कायमची जाऊ नये, हाच त्यामागचा विचार. पण हे दोन्ही आधार मागितल्यावरच मिळतात, आणि मागायचे तर आधी खबर लागली पाहिजे.

खबर लागण्याचा एक सोपा मार्ग आता आहे. महसूल खात्याच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गावातल्या चालू फेरफार नोटिसा दिसतात. जवानाने जिथे नेटवर्क मिळेल तिथून पंधरवड्यातून एकदा आपले गाव उघडून पाहावे. शिवाय तलाठी कार्यालयात लेखी अर्ज देऊन ठेवावा, की माझ्या गटाबाबतची कोणतीही नोटीस युनिटच्या एपीओ पत्त्यावर स्पीड पोस्टाने आणि एक प्रत पत्नीला द्यावी. अर्जाची पोच जपून ठेवावी. पुढे वाद झाला तर तो कागद कामी येतो.

कुलमुखत्यारपत्र देण्यासाठी गावाला यावेच लागते, हाही समज खरा नाही. नोंदणी कायद्याप्रमाणे माणूस सध्या जिथे राहतो तिथल्या दुय्यम निबंधकासमोर ते करता येते. जोधपूरचा जवान जोधपूरला करू शकतो. पण लिहिताना जपून लिहा. पीक कर्ज, शेती आणि सरकारी कामे यांपुरते अधिकार द्या. विक्रीचा अधिकार सहज म्हणून लिहून देऊ नका, मग समोर कोणीही असो.

मुलाचा दाखला

जवानाचा मुलगा अंबाल्याच्या केंद्रीय विद्यालयातून दहावी-बारावी झाला. गुण चांगले आहेत. इथे अभियांत्रिकीला अर्ज करायचा आहे. दहावी-बारावी महाराष्ट्रात झालेली नाही, मग तो महाराष्ट्राचा कसा? नियमात याला उत्तर आहे. वडिलांचा किंवा आईचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला असेल, तर मुलगा राज्याचा उमेदवार धरतात. शिवाय संरक्षण दलातील पालकांच्या मुलांसाठी राखीव जागा आहेत. त्यात माजी सैनिक, सेवेतले आणि बाहेरच्या राज्यातून इथे बदलून आलेले असे तीन वेगळे गट आहेत.

पण त्यातल्या पहिल्या दोन गटांना वडिलांचा अधिवास दाखला लागतो. आणि वडील तर अठराव्या वर्षापासून बाहेर! सेतू केंद्रावर 'सलग वास्तव्याचा पुरावा आणा' म्हणतात, तेव्हा जवान रेशनकार्ड, सातबारा आणि शाळेचा दाखला घेऊन हेलपाटे घालतो. प्रवेशाची मुदत मात्र चार दिवसांची असते. म्हणून हा दाखला मुलगा नववीत असतानाच काढून ठेवा. जन्मगाव दाखवणारा शाळेचा दाखला, सेवापुस्तकातील गावच्या पत्त्याचे युनिटचे प्रमाणपत्र आणि जमिनीचे उतारे एकत्र ठेवा.

मताला गाव आठवते

या सगळ्यात एकच कायदा असा आहे, की ज्याने हा प्रश्न स्वच्छ सोडवला आहे. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा म्हणतो, की सेवेत नसता तर जवान जिथे राहिला असता, तिथलाच तो रहिवासी धरावा. म्हणून जवान सेवा मतदार होतो आणि मत गावच्या मतदारसंघात पडते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जाते, भरून मात्र टपालानेच परत येते. पत्नी त्याच्याबरोबर राहत असेल तरच तिला सेवा मतदार होता येते. ती गावी असेल तर तिने इतरांसारखे साध्या यादीतच नाव घालावे. २०२१ च्या दुरुस्तीने 'पत्नी' ऐवजी 'जोडीदार' शब्द आला, त्यामुळे फौजेतल्या बाईच्या नवऱ्यालाही तो हक्क मिळाला.

अमेरिकेच्या कायद्याचे तत्त्व मघाशी सांगितले. तेच तत्त्व आपल्या मतदार कायद्यात १९५० पासून बसलेले आहे. मग अधिवासाच्या दाखल्याला ते का लागू होऊ नये? सेवापुस्तकात गावचा पत्ता आहे, तोच वास्तव्याचा पुरावा मानावा, एवढा एक आदेश निघाला तर हजारो घरांचे हेलपाटे वाचतील. तसेच सातबाऱ्याच्या खातेदाराला आपला टपालाचा पत्ता आणि मोबाइल नोंदवता यावा, आणि फेरफार धरल्याबरोबर त्यावर संदेश जावा. यासाठी मोठा खर्च नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि महसूल खाते एकत्र बसले तरी निम्मे काम होईल.

तोवर काय करायचे? या रजेत पाच कामे उरका. आयकर पोर्टलवर स्वतःचा मोबाइल व ई-मेल घाला. शेतकरी ओळख क्रमांक काढा. तलाठ्याकडे पत्त्याचा अर्ज देऊन पोच घ्या. अधिवासाचा दाखला काढा. आणि मतदार यादीत कोणाचे नाव कुठे आहे ते तपासा. दोन दिवस तहसीलला जातील, पण पुढची दोन वर्षे झोप नीट लागेल. ज्यांचा मुलगा-भाऊ सध्या ड्युटीवर आहे, त्यांनी हे कात्रण कापून पुढच्या पत्रात घाला. एपीओचा पत्ता तुम्हाला पाठ आहेच.